अडलेला ढेकर

"हं," ऑर्लिन हॉगस्टाड म्हणाला आणि ट्रकचं बॉनेट धरून तसाच उभा राहिला.

त्या मुलखात, म्हणजे नॉर्थ डकोटाच्या पार वरच्या अंगाला, माणूस नुसतं "हं" म्हणाला की समजून चालावं, काहीतरी मोठं बिनसलंय. लहानसहान गोष्टींसाठी तिथे कुणी तोंड उघडण्याचे कष्टच घेत नाही. आर्डिस, त्याची बायको, ट्रकच्या मागे गवताच्या गोल गठ्ठ्याची सुतळी कापत होती. तिने चाकू मिटून खिशात टाकला आणि बर्फ तुडवत पुढे आली.

इंजिनभर काळं ऑइल उडालं होतं. ऑइल किती आहे ते बघायची सळई, डिपस्टिक, आपली जागा सोडून बॅटरीवर आडवी पडली होती. खाली बर्फावर शाईची दौत लवंडल्यासारखा डाग होता आणि तो अजून पसरत होता.

"ही कुणी काढली?" आर्डिसने विचारलं.

"कुणी नाही. आपली आपण उडाली."

"अशी कशी उडेल?"

"तिलाच विचार."

ऑर्लिनने ऑइल भरायचं झाकण काढलं, त्या तोंडावर उलटं ठेवलं आणि आर्डिसला चावी फिरवायला सांगितली. डिझेलवाल्यांची ही जुनी परीक्षा आहे. इंजिन धड असेल तर उलटं झाकण जागच्या जागी थरथरत बसतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर सिलिंडरमधला जाळ खाली इंजिनाच्या पोटात उतरतो, पोट फुगतं आणि तो वारा झाकण उडवून लावतो. आर्डिसने चावी फिरवली. झाकण जे उडालं ते थेट एका काळ्या गाईच्या पायाशी जाऊन पडलं. गाईने ते हुंगलं आणि गवत कुठंय, अशा नजरेने ऑर्लिनकडे पाहिलं.

"बंद कर," तो म्हणाला. "रिंगा गेल्या." मग हळूच, "म्हणजे ठरलं तर."

आर्डिसने चावी काढून मुठीत आवळली. रिंगांमुळे नव्हे, त्या "ठरलं तर"मुळे.

त्याचं असं होतं. उन्हाळ्यात ऑर्लिनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. नोव्हेंबरात दोघं थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बिस्मार्कला, मुलीकडे, जनेलकडे गेली. टर्की कापून झाली, ग्रेव्हीचं भांडं टेबलभर फिरलं, आणि जन्मात कधी चार वाक्यं सलग न बोललेला हा माणूस काटा खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला, "हा ट्रक चालतोय तोवर गाई. ट्रक बसला की आम्ही पण बसणार. इथेच कुठेतरी, तुझ्याजवळ घर घेऊन." जनेलच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयाने उठून सासऱ्याचा हात हातात घेतला. आणि आर्डिस? जिचा जन्म शेजारच्याच शेतावर झाला, जी धुक्यात नुसत्या चालीवरून गाय ओळखते, अडलेल्या पहिलारू कालवडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवते, ती आर्डिस म्हणाली, "बरं." कुणी मीठ मागावं आणि आपण पुढे करावं, तसं.

आता कुणी म्हणेल, बाईला तोंड नव्हतं का? सांगायचं की, मला नाही यायचं म्हणून. पण तिथली रीत तशी नाही. त्या लोकांचे पणजे-खापरपणजे नॉर्वेहून निघाले तेव्हा लोकरीचे मोजे आणले, बायबलं आणली, वाळवलेला मासा आणला, फक्त 'मला हवंय' आणि 'मला नकोय' एवढं बोटीतच विसरून आले. मनातलं आपण बोलायचं नाही, समोरच्याने ओळखायचं, हा तिथला शिष्टाचार. त्यामुळे सगळी मंडळी जन्मभर एकमेकांच्या उसाशांचे अर्थ लावत बसतात, आणि आपण लावला तोच अर्थ बरोबर, याबद्दल कुणाला तिळमात्र शंका नसते. आर्डिसने अर्थ लावला, की हा दमला. खुबा दुखतो, पण बोलत नाही. याला आता ऊब हवीय. आपण कशाला आड यावं?

तेव्हापासून त्या ट्रकची तिने जेवढी काळजी वाहिली तेवढी स्वतःच्या गुडघ्यांचीही वाहिली नसेल. रोज सकाळी ऑर्लिनने चावी फिरवली की ती श्वास धरून बसायची. इंजिन खडखडत सुरू झालं की मनात म्हणायची, चला, आजचा दिवस मिळाला. आणि आज तो दिवस संपला होता.

व्हर्लिन मोएन दुपारी आला. शेजारी, म्हणजे दोन टेकड्यांपलीकडचा. त्याने स्वतःच्या हाताने झाकण उलटं ठेवलं, ते उडालं, त्याने ते उचलून आणलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उडालं.

"हं," व्हर्लिन म्हणाला.

दोन पुरुषांनी एकाच इंजिनाला "हं" म्हटलं म्हणजे निकाल लागला. वर अपील नाही.

"इंजिन खोलायचं का?" व्हर्लिनने विचारलं.

"नाही. मी शब्द दिलाय."

"हो, ऐकलं होतं." व्हर्लिनने बराच वेळ कुंपणाकडे बघितलं. "आणि गाई?"

"विकायच्या."

पुन्हा कुंपण. "मी घेईन."

"तुला हव्यात?"

"चालतील की."

ऑर्लिनने मान हलवली. आर्डिस बाजूला उभी राहून हातमोज्याचा सुटलेला धागा ओढत होती. आपल्या गाई आपल्या डोळ्यांदेखत दोन वाक्यांत गेल्या, याचं तिला इतकं वाईट वाटलं की ती घरात जाऊन उगाचच कांदा चिरायला बसली. त्या दिवशी कांद्याचं काही करायचं नव्हतं. पण रडायला काहीतरी निमित्त लागतंच.

आता एका नळीबद्दल सांगायला हवं.

इंजिनालाही पोट असतं, आणि पोट आलं की वारा आला. इंजिन कितीही धड असलं तरी थोडा जाळ, थोडी वाफ खाली उतरतेच. ती बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. ऑर्लिनच्या ट्रकच्या जुन्या जातीत ही नळी पुढच्या चाकांच्या मधे जमिनीकडे तोंड करून उघडीच सोडलेली असते. वाऱ्याबरोबर तिच्यातून चार थेंब ऑइलही येतं. इंजिनाचा ढेकरच तो, कधी कोरडा, कधी ओला. ट्रक उभा राहील तिथे तळहाताएवढा डाग पडतो. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी ते मनावर घेत नाही.

पण सप्टेंबरात व्हर्लिनने आपल्या शेडमध्ये नवा कोबा घातला. साधासुधा नाही, खालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेला, वर ताट न घेता जेवून घ्यावं असा गुळगुळीत. ऑर्लिनच्या ट्रकने पहिल्याच भेटीत त्याच्यावर सही केली. व्हर्लिन काही बोलला नाही. पुढच्या खेपेला ही दोघं गेली तर बरोब्बर त्याच जागी एक मोठा पुठ्ठा अंथरलेला! तेव्हाही व्हर्लिन काही बोलला नाही. आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मुलखात याच्यापेक्षा मोठ्याने कुणी बोंब मारू शकत नाही.

ऑर्लिनला सांगायची सोय नव्हती. आपला ट्रक लोकांच्या घरात घाण करतो, हे ऐकून त्याला लागलं असतं, आणि खुब्यामुळे खाली शिरून काही करणं त्याला शक्य नव्हतं. म्हणून एका दुपारी तो आडवा झाल्यावर आर्डिस स्वतःच ट्रकखाली शिरली. बागेच्या पाण्याच्या पाइपाचा एक लांब तुकडा तिने ब्रीदरला क्लिपने आवळला, बंपरच्या आतून वळवत नेला, आणि त्याचं टोक कपडे धुवायच्या साबणाच्या रिकाम्या डब्यात सोडलं. डबा सुतळीने बांधला. तोंडाला थोडी फट ठेवून चिकटपट्टी. बाहेरून काही दिसत नव्हतं. अधूनमधून ती गुपचूप डबा रिकामा करायची. व्हर्लिनच्या कोब्यावर पुन्हा थेंब पडला नाही, आणि तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला. डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली तसा डबा कोरडाच राहायला लागला. तिला वाटलं, बरं झालं, थंडीने गळती आपोआप थांबली. मग ती डबा विसरूनही गेली.

तुमच्या लक्षात आलं असेल. पण तिच्या डोक्यात ते ऑइल गळण्याचं खातं होतं, इंजिनाच्या श्वासाचं नव्हतं. डागाचा बंदोबस्त करणाऱ्याला डागच दिसतो.

संध्याकाळी ऑर्लिनने जनेलला फोन केला. तिचा आनंद स्वयंपाकघरात या टोकाला ऐकू येत होता.

"बाबा, खरंच? खरंच येताय? अहो, आमच्या गल्लीतच एक घर आहे. पायऱ्या नाहीत. गरम गॅरेज आहे!"

"हं. बरं. हो."

मग फोन आर्डिसकडे आला. "आई, तू खूश आहेस ना?"

"हो गं. चांगलंच झालं."

त्या रात्री ऑर्लिन एकदाही कुशीवर वळला नाही. एरवी खुब्यामुळे रात्रभर पलंग करकरायचा. आर्डिस डोळे उघडे ठेवून पडली आणि मनात म्हणाली, बघ, किती शांत झोपलाय. ओझं उतरलं बिचाऱ्याचं. सकाळी तर तो दाढी करताना शीळ घालत होता. ती शीळ तिच्या काळजात सुईसारखी रुतली, पण तिने त्याच्यासाठी पॅनकेक केले आणि पाकाची बाटली पुढे सरकवली.

व्हर्लिन ट्रॅक्टर घेऊन आला. मेलेला ट्रक गोठ्याची वाट अडवून उभा होता. तो आपल्या शेडमध्ये नेऊन ठेवू, पुढचं पुढे बघू, असं त्याने सुचवलं. साखळी बांधली. ऑर्लिन व्हर्लिनच्या ट्रॅक्टरवर त्याच्या शेजारी बसला आणि आर्डिस मागे ट्रकचं स्टिअरिंग धरून. इंजिन बंद असताना ट्रक किती गप्प असतो, हे तिला पहिल्यांदाच कळलं. कुंपणाजवळ गाई एका ओळीत उभ्या राहून ही वरात बघत होत्या.

शेडमध्ये ऊब होती. ट्रक बरोब्बर नव्या कोब्याच्या मधोमध उभा राहिला. पुरुष कॉफीला घरात गेले. गाई कधी न्यायच्या ते ठरवायचं होतं. आर्डिस म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी केबिन रिकामी करते." ते ठरताना तिला तिथे बसायचं नव्हतं.

केबिनमध्ये तिचा अर्धा संसार होता. जुने हातमोजे. थर्मास. वासरू ओढायच्या साखळ्या. कानात मारायचे पिवळे बिल्ले. सडांना लावायचं मलम, पेपरमिंटच्या गोळ्या, आणि सीटखाली एक लोकरीची टोपी, जी ती गेली कित्येक वर्षं शोधत होती. एकेक वस्तू ती खोक्यात भरत होती, आणि कुणी बघत नाही म्हणून खुशाल रडत होती. मार्चमध्ये गाई व्यायला लागतील आणि आपण गरम गॅरेज असलेल्या घरात बसून खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बघत असू, हे तिला कल्पनेतही सोसत नव्हतं.

बराच वेळ गेला. मग कुठेतरी टप् असं वाजलं. पुन्हा टप्.

डबा! ट्रक आता इथे राहणार, व्हर्लिन तो खोलून बघणार, आणि त्याला बंपरमागे साबणाचा डबा सापडणार. तिने घाईघाईने कोट काढला, कोब्यावर पाठ टेकली आणि खाली सरकली. सुतळी कापली. पाइप ओढला. तर पाइप वाकेना. रबराचा पाइप, पण हातात लाकडाचं दांडकं धरल्यासारखा. क्लिप सैल करून तिने तो आख्खा सोडवला, बाहेर सरकून बसत एका टोकाला डोळा लावला. अंधार. दुसऱ्या टोकाला लावला. अंधार. तिने पाइप कोब्यावर दोनदा आपटला आणि उभा धरला. साच्यातून कुल्फी सुटावी तसा आतून तपकिरी बर्फाचा जाडजूड कांडका सरकत आला आणि तिच्या मांडीवर पडला.

कांडका हातात घेऊन तिने तो उलटासुलटा पाहिला, आणि मग सगळं एकामागून एक तिच्या डोक्यात उतरलं. डबा कोरडा का राहत होता. डिपस्टिक का उडाली. झाकण का उडालं. इंजिनाची वाफ लांब पाइपात गार होत होती, पाणी खोलगट जागी साचत होतं, आणि या आठवड्यातल्या उणे तीसमध्ये ते पार गोठून बसलं होतं. रिंगा बिंगा काही गेल्या नव्हत्या. बिचाऱ्याचा ढेकर अडला होता, आणि तो अडवला होता तिने!

आधी तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने "अगं बाई!" म्हणाली. ट्रक जिवंत आहे. गाई आपल्या आहेत. मार्च आपला आहे.

आणि मग तिला ती शीळ आठवली.

हे सांगितलं की ऑर्लिनला पुन्हा बर्फात जावं लागणार. ट्रक चालतोय तोवर गाई, हा त्याचा शब्द. तो पडेल पण शब्द मोडणार नाही. इतक्या महिन्यांनी काल पहिल्यांदा माणूस शांत झोपला. आपण काय म्हणून त्याला परत त्या थंडीत ढकलायचं? आपल्याला गाई आवडतात म्हणून? समोर कोब्यात पाणी जायची जाळी होती. कांडका तिथे ठेवला असता तर घटकाभरात वितळून गेला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. पाणी तिच्या बोटांतून आताच ठिबकत होतं.

गप्प राहणं तिला जन्मभर जमलं होतं. पण हे गप्प राहणं नव्हतं, हे फसवणं होतं, आणि त्यातला फरक तिला नीट कळत होता. शिवाय खरं सांगायचं तर तिला गाई हव्या होत्या. हव्याच होत्या! हे मनातल्या मनात एवढ्या स्पष्टपणे म्हणताना तिचं तिलाच नवल वाटलं.

ती उठली. डिपस्टिक पुसून तिने ऑइल पाहिलं, बरंच खाली गेलं होतं. व्हर्लिनच्या फळीवरचा कॅन घेऊन हवं तेवढं भरलं, झाकण उलटं ठेवलं आणि चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि लागलं. ती धावत पुढे आली. झाकण थरथरत होतं, पण जागच्या जागी. खाली ब्रीदरच्या उघड्या तोंडातून पांढरा वाफारा निवांत बाहेर पडत होता.

आवाज ऐकून पुरुष धावत आले. ऑर्लिन लंगडत पुढे, हातात कॉफीचा कप तसाच. दोघांनी झाकणाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"रिंगा धड आहेत," आर्डिस म्हणाली. इंजिनावरून ऐकू जावं म्हणून तिला ओरडावं लागलं आणि एकदा ओरडल्यावर पुढचं सोपं गेलं. "ब्रीदरमध्ये बर्फ धरला होता! पाइप मी लावला होता. डबा पण मीच बांधला."

"कसला डबा?"

तिने डबा वर धरला. व्हर्लिनने चावी बंद केली, पाइप घेतला, कांडका घेतला, आणि बराच वेळ बघितलं.

"दाबाला वाटच नाही," तो म्हणाला. "मग सळई उडणारच की."

"पण झाकण?" ऑर्लिन म्हणाला. "झाकण उडत होतं!"

"दुसरं भोकच नव्हतं, तर सगळा वारा तिथूनच येणार ना. आपण दोघं गाढव आहोत."

"रिंगा गेल्या असं मी म्हणालो. तू नुसता 'हं' म्हणालास."

"म्हणून मी थोडा कमी गाढव." व्हर्लिन आर्डिसकडे वळला. "पण बाई, हे लावलंस कशाला?"

"तुझ्या कोब्यासाठी! डाग पडला म्हणून तू पुठ्ठा टाकला नव्हतास?"

"पुठ्ठा?" व्हर्लिनने डोकं खाजवलं. "अगं, तो माझ्या पाठीसाठी होता. खाली आडवं पडून काम करायचं म्हणजे कोबा टोचतो."

"बरोब्बर आमच्या डागावर?"

"तिथे वर दिवा आहे!"

आर्डिसने वर पाहिलं. दिवा होता.

ऑर्लिन एव्हाना एका पालथ्या बादलीवर बसला होता. आर्डिस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ऑर्लिन, तुला जायचं होतं, ठाऊक आहे मला. तुझी सुटका झाली होती आणि मी ती घालवली. पण मला नाही जायचं. मला इथे राहायचंय. मला गाई हव्यात."

व्हर्लिनने अदबीने भिंतीकडे तोंड केलं. त्या मुलखात असलं बोलणं परक्याने ऐकू नये.

ऑर्लिनने टोपी काढून तोंडावर धरली. त्याचे खांदे हलायला लागले. आर्डिस घाबरली. मग टोपीमागून जो आवाज आला तो रडण्याचा होता की हसण्याचा ते सांगता येत नव्हतं, बहुधा दोन्हींचा.

"मला कुठे जायचं होतं?" तो म्हणाला. "तुला जायचं होतं!"

"मला? मी कधी म्हणाले?"

"थँक्सगिव्हिंगला जनेलच्या गॅरेजमध्ये बूट काढून उभी राहिलीस आणि म्हणालीस, काय ऊब आहे गं इथे. मला वाटलं, ही बाई माझ्यापायी जन्मभर गारठली आणि एका शब्दाने बोलली नाही."

"अरे, माझे मोजे ओले होते!"

"मला काय माहीत!"

"आणि शीळ? सकाळी शीळ कसली घालत होतास मग?"

"घाबरलो की घालतो मी शीळ. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवर घालत नव्हतो का? तू तर बाजूलाच होतीस."

"मला वाटलं, भूल चढली."

"आणि काल रात्री झोपलो नाही मी. तुझी झोप मोडू नये म्हणून हललो नाही, इतकंच."

काल रात्रभर दोघं एकमेकांची झोप सांभाळत टक्क जागी होती.

"मग ट्रकचा शब्द कशाला दिलास?" तिने विचारलं.

"हा ट्रक मरणारच नाही असं वाटलं होतं," ऑर्लिन म्हणाला. "म्हटलं, तुझं मनही राहील आणि आपण इथेही राहू."

भिंतीपाशी व्हर्लिन खाकरला. "चाललंच आहे, तर माझंही ऐकून घ्या. मला तुमच्या गाई नकोत."

"चालतील म्हणालास ना!"

"मग काय नको म्हणू? शेजारी आहे मी! माझ्याच गाईंनी माझा जीव नकोसा केलाय. काल तुमच्याकडून गेलो तेव्हापासून पोटात अन्न नाही माझ्या." आणि त्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की ऑर्लिनला पुन्हा हसू फुटलं. मग तिघंही हसायला लागली. त्या शेडमध्ये एवढं हसणं कधी कुणी ऐकलं नसेल. व्हर्लिन डोळे पुसत कोब्यावरच बसला आणि कॉफी सांडली तरी कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

परत जाताना ट्रक ऑर्लिनने चालवला. ब्रीदर पूर्वीसारखा मोकळा होता. झाकणाच्या कडेने थोडं ऑइल झिरपत होतं, ते उन्हाळ्यात बघू असं व्हर्लिन म्हणाला होता. गाईंचं गवत आज उशिरा पडणार होतं. बर्फावर ऊन चमकत होतं आणि आर्डिसला लहान मुलासारखी भूक लागली होती.

"जनेलला काय सांगायचं?" ऑर्लिनने विचारलं.

"खरं ते."

"तू सांग."

"मी का?"

"तुला आता येतं."

आर्डिस हसली. जनेल रुसेल, दोन दिवस फोन करणार नाही, मग करेल. वाटेत चढ आला. इंजिनाने तो कुरकुर न करता चढून टाकला. वर पोचल्यावर लांबून गाई दिसल्या, अजून कुंपणाला धरून उभ्या. तिच्या मनात एक राहून गेलेला प्रश्न होता, आणि आता विचारायला काही हरकत नव्हती.

"आणि समज, पुढच्या वर्षी खरंच रिंगा गेल्या तर?"

"तर दुसरा ट्रक आणायचा," ऑर्लिन म्हणाला. "त्यात काय!"

आर्डिसने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. थँक्सगिव्हिंगपासून रोज सकाळी तिने श्वास धरला होता, आणि उत्तर हे एवढंच होतं. तिला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला, आणि गळ्यात पडावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं, पण आधी धपाटा घातला. ट्रक जरासा रस्ता सोडून बर्फात गेला आणि पुन्हा रस्त्यावर आला.